शटल, सुई आणि दोन दोरे

पडद्यावर सुई उतरते आहे, ती मुद्दाम संथ गतीने दाखवली आहे. हाताने शिवण्याच्या सुईचे नेढे वरच्या टोकाला असते. या सुईचे नेढे मात्र अणीजवळ आहे, आणि घरगुती शिलाई मशीनची सगळी करामत याच बदलावर उभी आहे.

सुई तळ गाठून जेमतेम दोन मिलिमीटर वर येते, तोच तिच्यासोबत खाली आलेला दोरा कापडात अडून राहतो आणि बाजूला फुगून त्याचा लहानसा फास तयार होतो. त्याच क्षणी होडीच्या आकाराचे शटल आपले टोक त्या फासात घालते आणि पोटातल्या बॉबिनसह, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळासह, पूर्णपणे पार होते. हे शटल कशालाही जोडलेले नाही, याकडे आवर्जून लक्ष द्यावे. त्याच्याभोवती दोरा सर्व बाजूंनी सरकून जायला हवा, म्हणून ते आपल्या खोबणीत सैल ठेवलेले असते. त्यानंतर वरची दांडी फास खेचून घेते आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत मधोमध एकमेकांत अडकतात. वरचा दोरा दाबून धरणाऱ्या चकत्यांनी त्याला फार ताण दिला, तर खालचा दोरा कापडावर डोकावतो; ताण कमी पडला, तर खाली सैल फास लोंबू लागतात.

सुरुवातीची यंत्रे असा टाका घालत नसत. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राचा टाका एकाच दोऱ्याचा, साखळीचा होता; त्याचे शेवटचे टोक सुटले, की ओढताच अख्खी शिवण उसवते. सैनिकांचे गणवेश शिवणारी त्याची पॅरिसमधील यंत्रे, पोटावर पाय येईल या भीतीने, शिंप्यांनीच फोडून टाकली. पुढे न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी अणीजवळ नेढे असलेली सुई आणि शटल एकत्र आणले, पण पेटंट घेतले नाही. दोन दोऱ्यांच्या या टाक्याच्या यंत्राचे पेटंट १० सप्टेंबर १८४६ रोजी इलायस हाउ यांना मिळाले. त्यांच्या यंत्रात कापड एका पट्टीवरच्या टाचण्यांना उभे टांगावे लागे, आणि पट्टी संपली की थांबून ते पुन्हा टांगावे लागे. आयझॅक सिंगर यांच्या १८५१ च्या पेटंटातील यंत्राने सुई सरळ खाली-वर चालवली आणि कापड आडव्या पाटावर ठेवले.

या दोन नावांपुढे ॲलन विल्सन यांचे नाव झाकोळते, हे आम्हाला अन्यायाचे वाटते. सुईखालच्या पत्र्याच्या फटींमधून वर येणारे हे दाते पाहावेत: ते उचलले जातात, कापडाला टाक्याएवढे पुढे सरकवतात, खाली बसतात आणि पत्र्याखालून मागे येतात. सुई कापडाबाहेर असतानाच हे सरकणे व्हावे लागते. चार हालचालींची ही रचना विल्सन यांनी १८५४ मध्ये पेटंट केली, आणि आजच्या घरगुती मशीनमध्येही कापड याच पद्धतीने सरकते.

१८५६ मध्ये पेटंटांवरून भांडणाऱ्या कंपन्यांनी आपली पेटंटे एकत्र केली, त्याच सुमारास हप्त्याने विक्री सुरू झाली आणि यंत्र घरोघर पोहोचले. घरातला शिवणकामाचा वेळ घटला, आणि तयार कपड्यांच्या धंद्यात तुटपुंज्या मजुरीवर राबणारे हातही वाढले.

हे हाताचे यंत्र पाहा. हँडलची एक फेरी झाली, की दातेरी चाकांमुळे सुई तीनदा खाली-वर होते. सारे भाग ओतीव लोखंडाचे आणि पोलादाचे आहेत, स्क्रू उघडे आहेत, आणि सिंगरच्या १५ क्रमांकाच्या मशीनला लागणारी सुई व बॉबिन आजही सहज मिळतात. अशी यंत्रे ‘बिघडली’ म्हणून भंगारात जातात किंवा त्यांच्या लोखंडी पायांवर टेबले बसवली जातात, याचे वाईट वाटते, कारण पुष्कळदा आत फक्त जुने तेल सुकून घट्ट झालेले असते. प्रत्येक सांध्यात रॉकेलचा थेंब सोडून चाक हलक्या हाताने पुढे-मागे फिरवावे, मळ पुसून काढावा आणि मगच मशीनचे तेल द्यावे. खाण्याचे तेल पुन्हा चिकटून बसते. काळ्या अंगावरच्या सोनेरी नक्षीला मात्र स्पिरिट लावू नये, कारण तिच्यावरचा लाखेचा थर स्पिरिटमध्ये विरघळतो.