गिऱ्हाईक, गांधीजी आणि वाळूचं तेल

नमस्कार. माझी ओळख करून देताना ताईंनी आत्ता फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरला बोलावलं. तुझं मत मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन, वगैरे. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. वाक्य झकासच आहे, पण व्हॉल्टेअरचं नाही. ईव्हलिन बिअट्रिस हॉल नावाच्या इंग्रज बाईंनी १९०६ साली टोपणनावानं व्हॉल्टेअरच्या मित्रमंडळींवर एक पुस्तक लिहिलं. व्हॉल्टेअरची वृत्ती काय होती हे सांगताना त्यांनी हे वाक्य स्वतः रचलं. व्हॉल्टेअर तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं थडग्यात होता. ताई, राग मानू नका. मी लग्नपत्रिकेतसुद्धा चुका काढतो, हे आयोजकांना ठाऊक होतं, तरी त्यांनी बोलावलं.

आज मला सांगायचंय ते असं, की वाक्य परक्या नावावर चढतं कसं आणि त्याचा खरा मालक शोधायचा कसा. त्याआधी एक बँकेची गोष्ट सांगतो. दोन मिनिटांत संपवतो.

नोव्हेंबर महिना. सभागृहातली पांढरी डोकी पाहता पुढचं सांगायला नको, हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे आपणच जाऊन सांगायचं आणि समोरच्यानं ते मान्य करेपर्यंत उभं राहायचं. बँकेचं नाव घेत नाही, पेन्शन अजून तिथेच जमा होते. तर रांगेत माझ्या डोक्यावर पाटी होती. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, तो आपल्या कामातला अडथळा नाही. खाली गांधीजींचा चष्मा आणि सही. पाटीखालच्या काउंटरवर दुसरी पाटी होती, 'जेवणाची सुट्टी'. पाहुणा उभा, यजमान जेवायला!

मला वेळच वेळ होता, म्हणून मी पाटी वाचत बसलो. म्हणजे उभा राहिलो. या मजकुराखाली कुठे कुठे '१८९०, दक्षिण आफ्रिका' असंही छापतात. आता १८९० साली गांधीजी लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोचले १८९३ साली. शिवाय 'ग्राहक', 'आवार', 'कामात अडथळा' ही बोली वकिलाची का सत्याग्रह्याची? ही विक्रीखात्याची बोली आहे, आणि निघालीही तिथूनच. जवळपास हाच मजकूर १९४१ साली अमेरिकेत छापलेला सापडतो, स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ इलियट यांच्या नावावर.

हे सगळं मी शाखाधिकाऱ्यांना ऐकवलं. दाखला राहिला बाजूला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाटी हेड ऑफिसनं पाठवलीय म्हणाले. मी म्हटलं, हेड ऑफिसलाही गांधीजींनी नाही पाठवलेली. तेव्हा ते म्हणाले, "काका, नसतील म्हणाले. पण म्हणायला हवं होतं ना?"

माझी बोलतीच बंद झाली. कारण माझा अख्खा विषय त्या साहेबांनी एका वाक्यात उरकला होता. ज्यानं म्हणायला हवं होतं असं आपल्याला वाटतं, त्याच्या नावावर आपण वाक्य चढवतो. स्टुडबेकरच्या विक्रीप्रमुखाची तसबीर लावून कोण हार घालणार?

आपल्या घरचं उदाहरण घ्या. शाळेच्या भिंतीवर असतंच असतं, 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे'. खाली समर्थ रामदासांचं नाव घातलेलंही मी पाहिलंय. ओळ वामन पंडितांची आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकातला श्लोक त्यांनी मराठीत आणला. बरं, मालक चुकला ते एक वेळ सोडा. श्लोक पुढे जातो कुठे? वाळूतून तेल निघेल, मृगजळानं तहान भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाची समजूत घालता येणार नाही! श्लोक प्रयत्नाचा नाहीच, मूर्खाचा आहे. आणि आपण त्याची पहिली ओळ तोडून परीक्षेच्या हॉलबाहेर लावतो. मुख्याध्यापक कुणी बसले असतील तर चहाच्या वेळी भेटा.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' खाली दोन रेघा. म्हणजे जे सांगायला आलो ते आता पळतच सांगावं लागणार.

नायजेल रीस या इंग्रज लेखकानं या प्रकाराला चर्चिलचं नाव दिलंय. चमकदार वाक्य घरंगळत घरंगळत शेवटी चर्चिलपाशी जातं, असं त्याचं म्हणणं. इथे नाशकात आपल्या गोदेला पूर आला की वाहून आलेलं काहीबाही पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला अडकतं, तसंच हे. मराठीत आपले मारुती म्हणजे पु.ल., वपु, कलाम. नाशकात अर्थातच तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज. सत्तावीस फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, फोन उघडायची मला धास्ती वाटते. 'कणा' लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर काय काय यमकं खपवतात!

शोधायचं कसं? आधी पत्ता मागा, कुठे, कधी, कुणापुढे म्हटलं. नुसतं नाव असेल तर संशय घ्या. मग तारखा ताडून पाहा. ब्रेड नाही तर केक खा म्हणणारी फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत, असं आपण सांगतो. रूसो या फ्रेंच लेखकानं तो किस्सा आत्मचरित्राच्या ज्या भागात लिहिला, तो लिहिला गेला तेव्हा ही पोर दहाएक वर्षांची होती आणि ऑस्ट्रियात होती. नंतर भाषा पाहा, ते बँकेत केलंच. आणि माणूस हयात असताना छापलेलं काही मिळतं का, ते शोधा. आइन्स्टाइन १९५५ साली गेले. तेच तेच करून वेगळ्या निकालाची अपेक्षा धरणं म्हणजे वेडेपणा, हे त्यांच्या नावावरचं वाक्य छापील सापडतं ते १९८१च्या सुमाराला, व्यसनमुक्तीच्या साहित्यात.

पण दर वेळी एकच मालक सापडेल असंही नाही. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' घ्या. त्याचं श्रेय टिळकांचे सहकारी जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टांना देणारे आहेत, आणि ते हवेतलं नाही. टिळकांनी १९१६ साली काढलेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष बॅप्टिस्टाच होते. पण टिळकांनी ते वाक्य सभांमधून इतकं वापरलं की ते त्यांचंच झालं. लीगला वर्ष झालं तेव्हा, १९१७ साली, टिळक इथे, आपल्या नाशकात बोलले. शरीर म्हातारं झालं तरी मनानं मी तरुण आहे, अशी सुरुवात केली आणि मग जन्मसिद्ध हक्कावर आले. आपल्याला हक्क पाठ आहे, त्याच्या आधीचं म्हातारपण कुणाला आठवत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. आंबेडकरांच्या 'शिका, संघटित व्हा'चा मूळ क्रम राहिलाच, तो प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा म्हणजे मला बोलता येईल. आणि उद्या सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन टिळकांचं ते नाशिकचं भाषण मागा. काही नवं सापडलं तर मला फोन करा, नंबर आयोजकांकडे आहे. व्हॉट्सॲप मात्र करू नका.