मतपेढी आणि मतदार: एका वस्तीचे मत कसे वाचावे

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी 'अमुक समाज तमुक पक्षाच्या पाठीशी उभा राहिला' अशी वाक्ये छापून येतात, आणि त्यांच्या मुळाशी बहुधा एकच शब्द असतो: मतपेढी. या शब्दाचा इतिहास आधी सांगतो, कारण त्याच्या अर्थात झालेला बदल हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात मुक्काम ठोकून तिथल्या समाजव्यवस्थेचा अभ्यास केला. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी 'व्होट बँक' हा शब्द योजला, तो गावातल्या मातब्बर आसामींच्या संदर्भात. ज्याच्याकडे जमीन आहे, जो अडल्यानडल्याला कर्ज देतो आणि तंटा मिटवतो, त्याच्या शब्दावर त्याची कुळे आणि आश्रित मत देत, म्हणून पक्षांचे लोक मतदाराच्या दारी जाण्याऐवजी त्या आसामीच्या ओसरीवर येत. ही पेढी त्या आसामीची होती आणि तिचे ठेवीदार वेगवेगळ्या जातींचे होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. पुढे तोच शब्द आपण एका संपूर्ण जातीला किंवा धर्मसमूहाला लावू लागलो. मूळ अर्थात कोण कोणाच्या मिंध्यात आहे, ते बंधन कशामुळे टिकते आणि कशामुळे सुटेल, असे प्रश्न विचारता येत होते. नव्या अर्थाने ते प्रश्नच मिटवून टाकले, कारण त्याचे उत्तर मतदाराच्या जन्मातच धरलेले असते.

याला आकड्यांचा आधार आहे असे सांगितले जाते, म्हणून आकड्यांकडे वळू. समजा, एका मतदान केंद्रावर मत देणाऱ्यांपैकी ६० टक्के एका समाजाचे आहेत आणि एका पक्षाला तिथे ६० टक्के मते पडली. हे दोन आकडे जुळले म्हणजे त्या समाजाने एकगठ्ठा मतदान केले असे मानण्याचा मोह होतो. पण त्या समाजातील निम्म्यांनी आणि उरलेल्या ४० टक्क्यांपैकी पाऊण लोकांनी त्या पक्षाला मत दिले असले, तरी बेरीज ३० अधिक ३०, म्हणजे ६० टक्केच येते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली हा दोष फार स्पष्टपणे दाखवून दिला. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त होते तिथे निरक्षरता कमी दिसत होती, प्रत्यक्षात मात्र परदेशात जन्मलेल्या व्यक्तींमध्ये ती थोडी जास्तच होती; हे लोक मुळात साक्षरता अधिक असलेल्या राज्यांत जाऊन वसले होते, एवढेच. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीचे मन वाचता येत नाही.

याचा अर्थ समूहाचा प्रभाव नसतो असे मात्र नाही. १९४० साली समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत सुमारे ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर दरमहा भेटून त्यांचे मत कसे घडते याची नोंद ठेवली. प्रचारापेक्षा घरातल्या आणि नेहमीच्या बैठकीतल्या माणसांचा परिणाम मोठा असल्याचे त्यांना आढळले. मला त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. ज्यांना श्रीमंती एका पक्षाकडे ओढत होती आणि धर्मपंथ दुसऱ्याकडे, असे मतदार निर्णय लांबवत होते, कधी निवडणुकीतला रसच गमावत होते. प्रत्येक वस्तीत अशी दुहेरी ओढ असलेली माणसे असतात आणि 'समाजाचे मत' या शब्दप्रयोगात नेमकी तीच दिसेनाशी होतात.

स्त्रियांचे तर नावसुद्धा दिसेनासे झाले होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, मुख्यतः उत्तर भारतात, अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी किंवा तमक्याची आई अशी नोंद केली होती. अशा सुमारे २८ लाख नोंदी अखेर यादीतून वगळाव्या लागल्या. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेली. तरीही समाजाच्या वतीने पाठिंबा जाहीर करणाऱ्या बैठकांत त्या किती असतात, हे आपण सर्वजण पाहतोच.

आता शेवटचा आणि मला सर्वांत गंभीर वाटणारा मुद्दा. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकमेकींत मिसळण्याची सोय होती. मतदान यंत्रात प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा निघतो आणि फॉर्म २० मध्ये, म्हणजे निकालाच्या अंतिम तक्त्यात, तो जाहीर होतो, त्यामुळे व्यक्तीचे मत गुप्त राहिले तरी वस्तीचे राहत नाही. लहानशा वस्तीने कोणाला नाकारले हे निवडून आलेल्याला केंद्रनिहाय कळते. मग रस्ता किंवा नळ अडवून धरणे त्याला अवघड नसते. १४ यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला आणि विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारसही केली, पण ती कायद्यात उतरलेली नाही. केंद्रनिहाय आकडे हे माझ्यासारख्या अभ्यासकाचे रोजचे साधन आहे आणि ते बंद झाले तर आमचे पुष्कळ काम अडेल. तरीही ती शिफारस स्वीकारली जावी, असेच माझे मत आहे.