बोलायचं काम बाहुलीचं

(बालवाडी-प्राथमिक शाळांतले शिक्षक आणि बालरंगभूमीवर काम करणारी मंडळी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मुलांना जंगल दाखवायचं असेल तर बाहुली कशाला हवी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आज उत्तम कॅमेरे आहेत, झाडाच्या शेंड्यावर बसलेला पक्षी डोळ्याच्या पापणीसकट दिसतो. मग कापडाचं, स्पंजाचं एक तोंड हलवून काय साधतं? याचं उत्तर मी एका परदेशी कार्यक्रमाच्या आधाराने देणार आहे आणि नंतर आपल्या सह्याद्रीकडे येणार आहे.

कार्यक्रमाचं नाव ‘झोबूमाफू’. जानेवारी 1999 मध्ये तो अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर सुरू झाला आणि 2001 पर्यंत त्याचे 65 भाग झाले. ख्रिस आणि मार्टिन क्रॅट हे दोघे भाऊ त्याचे कर्ते. दोघेही प्राणिजीवनाचा अभ्यास केलेले. याआधी 1996 मध्ये त्यांनी थोड्या मोठ्या मुलांसाठी एक मालिका केली होती. ही मात्र अगदी लहान मुलांसाठी, बालवाडीच्या वयाच्या. चित्रीकरण मुख्यतः कॅनडात. क्रॅट बंधूंचं ‘अ‍ॅनिमल जंक्शन’ नावाचं एक घर, त्यात येणारे प्राणी, आणि त्यांचा लाडका दोस्त झोबूमाफू. हा झोबू म्हणजे लेमूर, आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरचा माकडासारखा प्राणी. त्यातही सिफाका जातीचा: अंग पांढरं, हातापायांवर तांबूस-तपकिरी पट्टे, चेहरा काळा, डोळे पिवळे.

आता यातली खरी करामत बघा. भागाच्या सुरुवातीला झोबू येतो तो जिवंत प्राणी म्हणून. खराखुरा सिफाका उड्या मारत घरात शिरतो. क्रॅट बंधू त्याला खाऊ देतात. त्याला आंबा आवडतो आणि काबुली चणे. तो खाऊ तोंडात टाकतो आणि पुढच्या क्षणी पडद्यावर बाहुली असते. ती बोलते, गाते, हट्ट करते, गोष्टी सांगते. गॉर्ड रॉबर्टसन हा बाहुलीकार तिला हातही द्यायचा आणि आवाजही.

जिवंत झोबूचं काम मुख्यतः जोव्हियन नावाच्या सिफाकाने केलं. तो उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅम इथे, ड्यूक विद्यापीठाच्या लेमूर केंद्रात राहायचा. हे केंद्र 1966 पासूनचं. जोव्हियन नोव्हेंबर 2014 मध्ये, विसाव्या वर्षी गेला, तेव्हा त्या मालिकेवर वाढलेली आणि तोवर विशीच्या आसपास पोचलेली माणसं मनापासून हळहळली. एका लेमूरच्या मरणाची बातमी अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांत आली, ही त्या बाहुलीची कमाई आहे.

मी हा कार्यक्रम निवडला तो या सांध्यासाठी. जिवंत प्राणी आणि बाहुली यांच्यामधला सांधा तिथे लपवलेला नाही. खरा सिफाका एकदाही बोलत नाही. त्याच्या ओठांची हालचाल करून, त्याच्या तोंडी माणसाचे शब्द घातलेले नाहीत. तो येतो, उडी मारतो, खातो, मान वळवून बघतो. प्राणी जे करतो तेच तो करतो. बडबड सगळी बाहुलीची.

तीन-चार वर्षांच्या मुलाला हे कळतं का? पुरेपूर कळतं. आपल्याकडे अर्धवटराव बोलायला लागले की शेजारी रामदास पाध्ये बसलेले सगळ्यांना दिसतात. बोलतं कोण हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तरीही उत्तर ते अर्धवटरावांनाच देतं. बाहुलीशी मुलांचा हा करारच असतो: तू खोटी आहेस हे मला माहीत आहे, आता बोल. चित्रफितीतल्या खऱ्या माकडाच्या तोंडी आपण संवाद घातले की हा करार मोडतो. मग मुलाला वाटायला लागतं की माकड दात दाखवतंय म्हणजे हसतंय. पुष्कळ जातींच्या माकडांत दात दाखवणं हे भीतीचं किंवा दटावणीचं लक्षण असतं. असं हसरं माकड मुलाने खरंच भेटायला गेलं तर काय होईल, हे महाबळेश्वरला किंवा माथेरानला गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

शिवाय कामाची वाटणी बघा. सिफाका उभ्या खोडाला धरून बसतो आणि तिथून मागच्या पायांच्या जोरावर दुसऱ्या खोडावर झेप घेतो, सहज सहा मीटरपेक्षा लांब. जमिनीवर उतरला तर दोन पायांवर उभा राहून, हात बाजूला उचलून, तिरका तिरका उड्या मारत जातो. हे कुठल्या बाहुलीला जमणार? हातात घालायच्या बाहुलीला पाय असून नसल्यासारखे, ती कट्ट्याच्या मागेच शोभते. म्हणून झेप प्राण्याची आणि प्रश्न बाहुलीचे. ‘हे काय आहे? हा असं का करतो? मलाही येईल का?’ मुलाच्या मनातले प्रश्न विचारणारं कुणीतरी पडद्यावर लागतं. निवेदक मोठा माणूस असतो, त्याला सगळं येत असतं. बाहुलीला येत नसलं तरी चालतं.

एक खुलासा करायला हवा. मादागास्कर म्हटलं की लोक सरसकट वर्षावन समजतात. झोबूची जात, कोकेरेलचा सिफाका, वर्षावनात राहत नाही. ती बेटाच्या वायव्येला, अंकाराफांत्सिका राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी, कोरड्या पानगळीच्या जंगलात राहते. हिंदी महासागरावरून येणारे वारे पूर्वेच्या डोंगरकड्यांना अडतात, तिथे पाऊस ओततात, आणि पश्चिमेकडे कोरडं पडतं. आपल्या सह्याद्रीची हीच गोष्ट उलट बाजूने: पाऊस पश्चिमेला, आणि पूर्वेला माण-खटाव. चौथीच्या भूगोलात सह्याद्री शिकवताना शेजारी मादागास्करचा नकाशा टांगा, पर्जन्यछाया एका तासात समजेल. पूर्वेच्या त्या ओल्या पट्ट्यात, रानोमाफाना, अंदासिबे अशा वेगवेगळ्या वनांत, दुसरे लेमूर आहेत: सोनेरी बांबू लेमूर, मोठा इंद्री, आणि तो विलक्षण आय-आय.

आय-आयबद्दल दोन शब्द सांगतोच. हा रात्री हिंडतो. त्याचं मधलं बोट काडीसारखं बारीक आणि लांब. त्या बोटाने तो फांदीवर टकटक करतो, कान लावून आतली पोकळी ओळखतो, दातांनी लाकूड कुरतडतो आणि त्याच बोटाने आतली अळी बाहेर काढतो. बेटाच्या काही भागांत त्याला अपशकुनी मानतात आणि दिसला की मारतात. घुबडाच्या वाट्याला आपल्याकडे जे येतं तेच. अशा प्राण्यासाठी बाहुलीइतकं चांगलं साधन नाही. एका हाताची बाहुली, तिचं एक बोट तारेचं, आणि समोर पोकळ बांबू. टकटक केल्यावर कुठे ‘ठक’ आणि कुठे ‘डब्ब’ वाजतं हे मुलांनी डोळे मिटून ओळखायचं. ज्या मुलाने आय-आयसारखं बोटाने लाकूड ऐकलं, त्याला तो प्राणी भेसूर वाटत नाही.

आता या मालिकेतली मला खटकणारी गोष्ट. त्या घरात प्राणी येत राहतात. अजगर येतो, चित्त्याची पिल्लं येतात, हत्ती येतो. क्रॅट बंधू त्यांच्याशी लोळतात, खेळतात. त्यांचं प्रेम खरं आहे, त्यांनी पुढे प्राण्यांसाठी पुष्कळ काम केलं आहे. पण लहान मुलाच्या मनात काय उरतं? प्राणी घरी येतात. प्राणी मिठी मारू देतात. लेमूरच्या बाबतीत तर हे महागात पडणारं आहे. 2016 मध्ये एक चित्रफीत जगभर फिरली: मादागास्करमधल्या एका गावात दोन मुलगे कड्याशेपटीच्या लेमूरची पाठ खाजवतात, थांबले की तो स्वतःच पाठीकडे हात दाखवून ‘अजून’ म्हणतो. गोड दिसतं. संशोधकांनी त्यानंतरची ट्विटं तपासली, तर ‘मलाही लेमूर पाळायचा आहे’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढलेली होती. आणि 2020 मध्ये आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दिलेला हिशोब असा, की लेमूरच्या 107 जातींपैकी 103 संकटात आहेत, 33 तर अगदी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर. झोबूची जात या 33 मध्ये आहे. जंगल जाळून शेती, कोळशासाठी तोड, शिकार आणि पाळण्यासाठी पकडणं, सगळं एकदम चालू आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की बाहुली असताना जिवंत प्राणी स्टुडिओत आणायची गरजच नाही. मिठी मारायची तर बाहुलीला मारा. ती त्यासाठीच आहे. खऱ्या प्राण्याला तो राहतो तिथेच, दुरून, कॅमेऱ्याने बघा. कॅमेरा जिथे पोचत नाही तिथे पुन्हा बाहुली घ्या.

कॅमेरा कुठे पोचत नाही? महाधनेशाच्या ढोलीत. कोकणात काही ठिकाणी याला गरुडच म्हणतात. विणीच्या वेळी मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेने, चिखलाने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. उरते ती एक उभी फट, चोच जाईल एवढी. कित्येक आठवडे ती आत असते, तिची उडायची पिसं तिथेच गळून नवी येतात. बाहेरून नर वडाची, उंबराची फळं घशात भरून आणतो आणि एकेक करून फटीतून तिला देतो. नराला काही झालं तर आत बसलेल्या कुटुंबाचं काय होईल, विचार करा.

आमच्या शिबिरात मुलं हे करतात. फ्रिजचं मोठं खोकं, त्याला वीतभर उंचीची उभी फट. आत एक मूल बसतं, हातात मादीची बाहुली घेऊन. बाहेर दुसरं, नराची बाहुली घेऊन, आणि जवळ लाल लोकरीचे गोळे: ही उंबरं. बाहेरच्याला चोचीत एकच गोळा धरता येतो. आतल्याला बाहेरचं काहीच दिसत नाही, फक्त उजेडाची पट्टी आणि तिच्यातून येणारी पिवळी चोच. एकदा एका मुलीने आतून विचारलं, ‘तू परत कधी येणार?’ तिला संवाद कुणी दिला नव्हता. बाहेरचा मुलगा गोंधळला आणि म्हणाला, ‘उंबराचं झाड लांब आहे गं. जवळचं तोडलं.’ तेवढ्यात सगळा धडा झाला. मी वेगळं काही शिकवलं नाही.

लोरिसचंही तसंच. हा आपल्याकडचा, गोव्यापासून केरळपर्यंतच्या सह्याद्रीत सापडणारा, लेमूरांचा दूरचा नातलग. वाटोळे मोठे डोळे, बारीक हातपाय, अंधारात फांदीवरून सावकाश चालणारा. त्याला बघायला लोक त्याच्या डोळ्यांवर प्रखर उजेड टाकतात, आणि तो त्याला सोसत नाही. त्याच्यासाठी मी चामड्याची सावली-बाहुली वापरेन. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. कळसूत्री, चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या, तिन्ही. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्यांनी आपल्या गोठ्यात बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. पिंगुळीहून आंबोलीचं जंगल फार लांब नाही. बाहुल्यांचं गाव आणि वर्षाजंगल एकाच जिल्ह्यात असताना मराठी मुलांसाठी सह्याद्रीच्या प्राण्यांची एकही बाहुली-मालिका नियमित चालू असू नये, याचं मला वाईट वाटतं. पैसा लागतो, मान्य. पण दहा-दहा मिनिटांचे भाग आज मोबाइलवर चित्रित करता येतात. लागतो तो एक चांगला लेखक, एक जंगल जाणणारा माणूस आणि रोज सराव करणारे दोन बाहुलीकार.

अशी मालिका कुणी करायला घेतली तर पहिला भाग शेकरूवर करू नका. शेकरू राज्यप्राणी आहे, देखणं आहे, त्याची पाळी येईलच. पहिला भाग जळवेवर करा. जुलैत आंबोलीच्या रानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला आधी भेटते ती जळू. तिची बाहुली करायला एक जुना लांब पायमोजा पुरतो. तो कोपरापर्यंत चढवा. दोन टोकांना दोन चोषक. पुढचं टोक टेकवायचं, मागचं ओढून जवळ आणायचं, पुन्हा पुढचं लांबवायचं: जळू अशीच चालते, आणि हे चालणं हाताला इतकं सहज जमतं की मुलं पाच मिनिटांत शिकतात. मग मोज्यातल्या जळवेला मुलांनी विचारायचं: तू चावतेस तेव्हा दुखत का नाही? रक्त लवकर थांबत का नाही? पोट भरल्यावर तू सोडून का जातेस? उन्हाळ्यात कुठे असतेस? उत्तरं लिहिताना जंगल जाणणाऱ्या माणसाला शेजारी बसवा, कारण ही पोरं नंतर बरोबर तेच विचारायला येतात आणि तेव्हा अंदाजे सांगून भागत नाही.