परदेशात फोन आला तर उचलायचा का?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, परदेश म्हटलं की एकेकाळी आपल्याला शिकायला गेलेला एखादा हुशार पोरगा आठवायचा. आता तसं राहिलं नाही. गावोगावच्या बसगाड्या बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत लुंबिनीला जातात. हजचं विमान नागपूरहून उडतं. कुणाचा मुलगा दुबईत वायरमन आहे. सोयाबीन घरात आलं की सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघणाऱ्या आया तर आता प्रत्येक गावात आहेत. निघण्याच्या आदल्या आठवड्यात ही माणसं माझ्याकडं येतात, कारण माझी सारी नोकरी दूरसंचार खात्यात गेली. आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, तिकडं फोन आला तं उचलू का नाही?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपल्या देशात येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत, मग तुम्ही वणीत असा की गुवाहाटीत. परदेशी रोमिंगमध्ये मात्र उचललेल्या फोनचेही पैसे लागतात. का, ते समजून घ्या. तुमचा भाऊ इथून तुमच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावतो. तुम्ही काठमांडूत आहात की घाटंजीत, हे त्याला माहीत नसतं आणि त्याच्या कंपनीलाही त्याच्याशी देणंघेणं नसतं. फोन आधी भारतातल्या तुमच्या कंपनीकडं येतो, तिथून ती तो परदेशातल्या कंपनीच्या टॉवरपर्यंत पोचवते आणि त्या कंपनीला त्याचे पैसे मोजते. फोन करणाऱ्यानं तिकीट नागपूरपर्यंतचंच काढलंय, पुढचं भाडं तुमच्या माथी. नुसती रिंग वाजली, उचलला नाही, तर सहसा काही कापलं जात नाही. पण ‘उचलला नाही तर फोन दुसऱ्या नंबरवर जाऊ दे’ असं फॉरवर्डिंग लावलेलं असेल, तर तोच फोन भारतात परत फिरतो आणि त्याचा खर्च तुमच्यावर पडू शकतो. म्हणून निघण्याआधी फॉरवर्डिंग काढून टाका.

सगळ्यात जास्त फसगत नेपाळात होते. सोनौलीला सीमा ओलांडताना व्हिसा लागत नाही, मतदार कार्डावर जाता येतं, दुकानदार हिंदी बोलतो, आपले रुपये घेतो. त्यामुळं आपण परदेशात आलोय हे मनाला पटतच नाही. टॉवरच्या लेखी मात्र तो पूर्ण परदेश आहे. एक खूण सांगतो. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं आहे. बसमध्ये बसल्या बसल्या फोनवरची वेळ एकाएकी १५ मिनिटं पुढं गेली, तर तुमच्या फोननं नेपाळी नेटवर्क धरलं असं समजा. त्याच्या आधीच, सीमेच्या अलीकडं, ‘डेटा रोमिंग’ बंद पाहिजे. लुंबिनीत एकच मुक्काम असेल तर प्रत्येकानं सिम घेण्यात अर्थ नाही. बसमधल्या एक-दोघांनी सीमेपलीकडच्या भैरहवात नेपाळ टेलिकॉमचं किंवा एनसेलचं सिम घ्यावं, बाकीच्यांनी त्यांच्या हॉटस्पॉटवरून घरी दोन शब्द बोलावेत. सिम घेणाऱ्यानं ओळखपत्राची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटो खिशात ठेवावा.

आता मुद्द्याचं बोलतो. फोन परदेशात दोन वेगवेगळी कामं करतो आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक काम आहे ओळख पटवण्याचं : बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, पीएम किसानची ई-केवायसी. दुसरं काम बोलण्याचं आणि नेटचं. पहिल्या कामाला तुमचा भारतातला नंबरच लागतो, पण त्यासाठी फक्त एसएमएस येत राहिला तरी पुरे. दुसऱ्या कामाला तो नंबर मुळीच लागत नाही. म्हणून भारताचं सिम फक्त एसएमएससाठी जिवंत ठेवायचं, आणि बोलणं, नेट सगळं तिथल्या सिमवर करायचं. एवढी विभागणी नीट जमली की खर्चाची काळजी उरत नाही. कंपनीच्या दहा दिवसांच्या महागड्या रोमिंग पॅकला मी वाईट म्हणत नाही. आठवडाभराच्या सहलीला, ज्याला कटकट नको, त्यानं तो जरूर घ्यावा. पण सहा महिन्यांच्या मुक्कामाला तो परवडत नाही.

भारताचं सिम जिवंत ठेवण्यासाठी काय करायचं? आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा इथूनच सुरू करून घ्या. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस आपल्या मोठ्या कंपन्यांकडं साधारणपणे फुकट असतो. तरी कस्टमर केअरला नेमका प्रश्न विचारा : "पॅक न घेता अमेरिकेत ओटीपीचा एसएमएस येईल का?" उत्तर देशागणिक बदलू शकतं. प्रीपेड असेल तर वैधतेचं रिचार्ज संपू देऊ नका. सलग ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही, तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढं तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. बँकेला जोडलेला नंबर परक्याच्या हाती जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. नेट नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं रिचार्ज ठेवा, असं ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार स्वतःहून ते दाखवीलच असं नाही, तुम्ही मागा.

काहीजण सिम गावातच ठेवून जातात, कारण इथं ई-पीक पाहणी, पीक विमा चालू असतो. घरातल्या माणसाकडं ठेवलं तर मी समजू शकतो. पण ‘तुमचा फॉर्म मीच भरतो, सिम माझ्याकडं राहू द्या’ म्हणणाऱ्याच्या हाती ते कधीही देऊ नका.

आता तिथलं सिम. अमेरिकेत मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवणं बहुधा सगळ्यात सोपं पडतं. नाहीतर तिथं स्वतःचे टॉवर नसलेल्या, मोठ्या कंपन्यांचं नेटवर्क घेऊन स्वस्तात विकणाऱ्या कंपन्या आहेत. मिंट मोबाइल ही त्यातली एक, तिचं नेटवर्क टी-मोबाइलचं. सौदीत सिम घेताना बोटाचा ठसा द्यावा लागतो, म्हणून हाजींनी दुसऱ्याच्या नावावरचं सिम घेण्याच्या भानगडीत पडू नये. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न देता चालतं, पण ती सवलत तिथल्या सिमला आहे, आपल्या सिमला नाही. स्वित्झर्लंड त्यात येत नाही, आणि आपल्या सहली नेमक्या तिथंच जास्त रमतात.

ई-सिमबद्दल, म्हणजे कार्ड न घालता चालणाऱ्या सिमबद्दल पोरं विचारतात. घरबसल्या क्यूआर कोड स्कॅन केला की सिम फोनमध्ये उतरतं. फार चांगली सोय आहे, पण गावातल्या बऱ्याच स्वस्त फोनांत ती नसते. तुमच्या फोनात आहे का, ते आत्ता इथंच बघा. डायलवर *#०६# दाबा. १५ आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे तुमच्या फोनचा ओळख नंबर दिसेल. त्याच्यासोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला, तर तुमचा फोन ई-सिम घेतो. प्रवाशांसाठीच्या ई-सिमवर बहुतेकदा फक्त नेट मिळतं, फोन नंबर मिळत नाही. आणि एकदा टाकलेलं ई-सिम चुकून डिलीट केलं, तर तोच कोड पुन्हा चालेल याची खात्री नसते.

तो आयएमईआय कागदावर उतरवून ठेवा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केलं, सिंगापूरनं टू-जी २०१७ मध्येच बंद केलं. अशा जुन्या नेटवर्कवरच चालणारा वडिलांचा बटणाचा फोन तिकडं नेला, तर तो नुसता घड्याळ होऊन बसेल. फोर-जी फोन असला तरी काही कंपन्या ठरावीक मॉडेलच स्वीकारतात, म्हणून मुलाला आयएमईआय पाठवून कंपनीच्या वेबसाइटवर आधी तपासून घ्यायला सांगा. फोन चालत नाही हे तिथं पोचल्यावर कळून उपयोग नाही.

फोनच्या आतली तयारीही घरीच करा. बऱ्याच फोनांच्या ट्रेमध्ये दुसरं सिम आणि मेमरी कार्ड यांची जागा एकच असते. लग्नाचे फोटो त्या कार्डात असतील, तर ते विमानतळावर काढायला लागू नये. डेटा दुसऱ्या सिमवर लावा, पहिल्याचं डेटा रोमिंग बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालतं, नंबर बदलू नका. त्याच्या सेटिंगमध्ये ‘रोमिंगमध्ये असताना आपोआप डाउनलोड’ असं एक कलम आहे, तिथल्या सगळ्या खुणा काढा, नाहीतर सकाळच्या सुप्रभात संदेशांतच पॅक संपेल. आणि सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा. शून्याचं बटण दाबून धरलं की अधिकचं चिन्ह उमटतं. हे नसेल तर ऐन वेळी घरचा नंबर तिथून लागत नाही. विमानात, जहाजात फ्लाइट मोड. तिथलं उपग्रहाचं नेटवर्क नेहमीच्या पॅकमध्ये बहुधा येत नाही, आणि ते फार महाग असतं.

ही सगळी तयारी गावाकडच्या टोकालाही हवी, आणि तिकडं कुणाचंच लक्ष नसतं. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जातात, पण कॉल लागत नाही. बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप वापरावी लागतात, आणि ती दोन्हीकडं लागतात. पोरगा घरी आहे तोवरच आईच्या फोनवर ते अ‍ॅप टाकून, दोनदा बोलून बघा. आपल्याकडं घरात रेंज नाही, गच्चीवर किंवा बसस्टँडवर येते, हे साऱ्यांना ठाऊक आहे. व्हिडिओ कॉल तुटतो, मग चिडचिड होते. साधा आवाजाचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल मिनिटाला साधारण एक एमबीच्या आत भागतो, कमजोर रेंजवरही बऱ्यापैकी टिकतो. वेळ ठरवून तोच लावा. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी बिलाच्या धास्तीनं मुलाच्या घरी फोन बंद करून बसले होते, आणि इकडं त्यांची बहीण रोज शेजाऱ्यांना विचारत होती, भाऊ बरा आहे ना. पैसे वाचले खरे, पण माणसानं असं तुटून राहावं हे मला पटत नाही. ज्याच्या घरी नेटचा फोनच नाही, त्याच्यासाठी तिथल्या सिमवर भारतात बोलण्याचा आंतरराष्ट्रीय कॉलिंग पॅक वेगळा मिळतो का ते बघा. रोमिंगवरून बोलण्यापेक्षा तो सहसा पुष्कळ स्वस्त पडतो.

मागून एका ताईंनी विचारलंय की परदेशी नंबरवरून एकच रिंग येऊन फोन कट होतो, तो मुलाचा असेल का? मुलाचा तिथला नंबर मिळाला की लगेच नाव घालून सेव्ह करा. नाव न दिसणाऱ्या परदेशी नंबरवर उलट फोन लावू नका, तिथं मिनिटाचे भरमसाट पैसे कापले जातात आणि फसवणारा त्यातूनच कमावतो. अशा नंबरची तक्रार संचार साथी या सरकारी पोर्टलच्या ‘चक्षू’ सुविधेवर करता येते. कुणाला ती कशी करायची हे बघायचं असेल, तर फोन घेऊन इकडं पुढं या.