पोटाला पट्टा आणि खंबाटकीचा घाट

नमस्कार मंडळी. चहा झाला का? नसेल झाला तर घेऊन या, मी इथेच आहे. माझा चालूच आहे, हा बघा अर्धा कप, आणि तो संपायला मला वीस मिनिटं लागतात, त्यामुळे आमच्या स्टुडिओतल्या पोरांचं म्हणणं असं की मॅडम चहा पीत नाहीत, चहाला सोबत करतात.

तर आजचा विषय माझ्या पोटातला आहे. अगदी खराखुरा पोटातला. २००९ च्या नोव्हेंबरात मी गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला. तेव्हा माझं वय एक्केचाळीस, वजन एकशेबारा किलो, शुगर वर, गुडघे बोलायला लागलेले. परवा एका श्रोत्या ताईंचा फोन आला, त्यांच्या वहिनींना असाच बँड आहे, आणि म्हणाल्या, ती जेवायला बसली की घरात सगळ्यांना टेन्शन येतं, तुम्ही काहीतरी बोला. म्हणून बोलतेय.

बँड म्हणजे काय ते पटकन सांगते. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनची एक कडी घालतात, पाटलीसारखी. त्यामुळे वर एक छोटीशी पिशवी तयार होते, तीत मावतं किती, तर दोन मोठे चमचे. त्या कडीला एक बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला पोटाच्या कातडीखाली एक बटणासारखं असतं, त्याला पोर्ट म्हणतात. डॉक्टर त्यात सुईनं सलाईनचं पाणी भरतात की कडी आतून फुगते, वाट अरुंद होते. पाणी काढलं की वाट सैल. याला फिलिंग म्हणायचं. दातांचं वेगळं, हे वेगळं. दुर्बिणीतून असा कमी-जास्त करता येणारा बँड पहिल्यांदा बसवला तो बेल्जियममध्ये, १९९३ साली, डॉक्टर मितिकू बेलाचेव यांनी, ते मूळचे इथिओपियाचे. आता हे ऑपरेशन मागे पडलंय, हल्ली जास्त करून स्लीव्ह करतात म्हणजे जठराचाच भाग कापून काढतात, आणि बऱ्याच जणांनी आपले बँड काढूनही घेतलेत. माझा आहे अजून. जुन्या स्कूटरसारखा, सर्व्हिसिंगला जावं लागतं पण चालतोय.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. गाळलेलं ताक, मुगाच्या वरणाचं वरचं पाणी, नारळपाणी, भाताची पेज. पुढचे दोन आठवडे घोटलेलं, म्हणजे आपण बाळाला खिमट करतो तसं. मग मऊ, आणि साधारण सहा आठवड्यांनी नेहमीचं जेवण. माझ्या आईनं माळ्यावरून माझ्या मुलीची चांदीची वाटी आणि चमचा काढला, घासून दिला, आणि म्हणाली घे, तुझं दुसरं उष्टावण. ती वाटी अजून वापरते मी. तेवढीच पुरते.

आता कान देऊन ऐका, हे मी तीनदा सांगणार आहे. घास लहान, चावणं भरपूर, जेवताना पाणी नाही. घास केवढा, तर शेंगदाण्याएवढा. चावणं किती, तर वीस-पंचवीस वेळा, तोंडात त्याचं पातळ वरण होईपर्यंत. आणि पाणी जेवताना नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही, नाहीतर अन्न पाण्याबरोबर खाली वाहून जातं, पिशवी रिकामी, परत भूक. सोडा, कोल्ड्रिंक, फसफसणारं काहीही बंद.

हे सगळं मला पाठ होतं बरं का. पाठ असणं आणि अंगात मुरणं यात सांगली ते पुणे एवढं अंतर आहे. त्याचीच आता गोष्ट सांगते, मला ती सांगायला फार आवडते, घरच्यांनी पन्नासदा ऐकलीये, तुम्ही पहिल्यांदा ऐकताय म्हणून सांगून घेते.

२०१०, फेब्रुवारी. माझं दुसरं फिलिंग पुण्यात झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आजचा आणि उद्याचा दिवस फक्त पातळ. रात्री बहिणीकडे राहिले, सकाळी स्वारगेटवरून सांगलीची एसटी पकडली. बहिणीनं ताकाची बाटली दिलेली, शिवाय एका डब्यात गाळलेलं टोमॅटोचं सार. शहाण्या बाईनं ते पिऊन गप्प बसावं. पण गाडी शिरवळच्या पुढे एका हॉटेलवर थांबली, कंडक्टर ओरडला, दहा मिनिटं, दहाच मिनिटं! आणि खाली कढईत वडे पडत होते. आता मला सांगा, सकाळचे साडेआठ, थंडी, वड्याचा वास, त्यात ती तळलेली मिरची मिठात घोळवलेली... (वडापावबरोबर सॉस देणाऱ्या लोकांबद्दल मला एकदा स्वतंत्र भाषण करायचंय, आज नको, पण लसणीची चटणी असताना माणसाला सॉस सुचतोच कसा, हे मला अजून कळलेलं नाही.) तर घेतला. म्हटलं अर्धाच खाऊ. आणि ड्रायव्हरनं हॉर्न मारायला सुरुवात केली. हॉर्न वाजला की आपला मराठी माणूस कसा खातो माहितीये ना तुम्हाला. चार घासात अर्धा वडापाव आत, पावासकट.

इथे एक गंमत सांगून ठेवते. तिखट, तळलेलं, तेलकट, यातलं काहीच त्या कडीला अडत नाही. अडतो तो पाव. मऊ, ताजा, लुसलुशीत पाव, जो आपण हौसेनं शोधतो, त्याचा आत कणकेसारखा गोळा होतो आणि जाऊन बसतो बरोब्बर दारात. तसाच गरम पोळीचा गोळा, चिकट भात, मटणाचा चिवट तुकडा, शेवग्याच्या शेंगेचे धागे, मोसंबीच्या फोडीची साल. उलट कडक भाजलेला टोस्ट किंवा भाकरीचा कुरकुरीत पापुद्रा सरळ जातो. आणि बऱ्याच जणांचा अनुभव असा की सकाळी बँड जास्त आवळलेला वाटतो, संध्याकाळी सैल पडतो. म्हणजे बघा, नवीन फिलिंग, सकाळची वेळ, पाव आणि हॉर्न. सगळे ग्रह एका घरात.

गाडी खंबाटकीच्या घाटाला लागली आणि छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. मग तोंडाला पाणी सुटायला लागलं, आणि पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही, लाळ, फेस, चिकट, थांबेचना. ते गिळायचं तर खाली वाट बंद. मी आपली डब्याचं झाकण तोंडाशी धरून बसलेली.

माझ्या शेजारी एक आजी. नऊवारी, पायाशी गाठोडं, कराडला उतरायच्या होत्या. त्यांनी माझ्याकडे दोन मिनिटं बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय गं बाय, कितवा म्हैना?"

अख्खी गाडी वळली. एक्केचाळीसाव्या वर्षी, मंडळी! मी हातानं नाही नाही करतेय, तोंड उघडता येत नाहीये. मग एसटीतलं आयुर्वेद सुरू झालं. मागच्या सीटवरून आवळा सुपारी आली. एक काका म्हणाले पेपर हुंगा. कुणी आल्याची वडी, कुणी लिंबू. कॉलेजच्या एका मुलानं स्वतःची सोड्याची बाटली पुढे केली, बिचाऱ्यानं इतक्या प्रेमानं, आणि मला तर ती बाटली बघूनच घाम फुटला. कंडक्टर म्हणाला, घाट लागलाय त्यांना, खिडकी द्या. मला घाट लागला नव्हता हो, मला पाव लागला होता. पण सांगणार कशी?

आजींनी शेवटी आपल्या तांब्यातलं पाणी माझ्या तोंडाला लावलंच. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, दोन घोट घेतले. ते खाली जायला जागाच नव्हती, आले परत, निम्मे नाकातून. म्हणून सांगते, अडकलं की वरून पाणी पाजू नका. पाठीत धपाटे घालू नका. त्या माणसाला उभं राहू द्या, शक्य असेल तर चालू द्या, एकटं सोडू नका पण गर्दीही करू नका.

सातारा स्टँडला गाडी थांबली, मी खाली उतरले, प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, आणि कोपऱ्यात जाऊन जे यायचं ते आलं. बोराएवढा पावाचा गोळा. एवढासा! त्यासाठी तासभर प्राण कंठाशी. पण निघाल्यावर असं वाटलं, की काय सांगू, परीक्षेचा रिझल्ट लागून पास झाल्यासारखं.

परत येऊन बसले आणि आजींना सगळं सांगितलं. की असं असं पोटाला आतून पट्टा घातलाय, जास्त खाता येत नाही. आजींनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "व्हय? आमाला बी व्हता की पट्टा. सासू."

मी हसायला लागले तर परत छातीत दुखायला लागलं.

आणि मग आजींनी गाठोडं सोडलं. ज्वारीची भाकरी आणि वाळला झुणका. आजींना दात म्हणाल तर खाली तीन, वर मला काही दिसला नाही. भाकरीचा एवढासा तुकडा मोडायच्या, झुणक्यात टेकवायच्या, तोंडात टाकायच्या आणि मग तो घास या गालातून त्या गालात, त्या गालातून या गालात. मला काम नव्हतं, मी मोजलं. चव्वेचाळीस! सातारा सोडल्यावर सुरुवात केली आणि उंब्रज मागं पडलं तेव्हा पाव भाकरी झाली होती. मग उरलेली परत फडक्यात बांधली, तांब्याला हातही लावला नाही. मी पुण्यात आहारतज्ज्ञ मॅडमची फी भरून आले होते, छापील कागद पर्समध्ये घडी करून ठेवलेला.

कराडला उतरताना कंडक्टरला म्हणाल्या, "हिला सांगलीत नीट उतरवा रं. पट्टा हाय तिला." सांगलीला उतरेपर्यंत तो कंडक्टर माझ्या कमरेकडे संशयानं बघत होता.

बरं. वेळ कमी राहिलाय, मी नेहमीसारखा तो घालवला. राहिलेलं भराभर सांगते.

बँड सगळं अडवत नाही. आमरस अडवत नाही, बासुंदी, आईस्क्रीम, चॉकलेट, शेव-फरसाण काही अडवत नाही, सुळकन जातं. एका मे महिन्यात मी आमरसावर चार किलो वाढवून दाखवलेत, डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लंत, म्हटलं कुठे काय, पातळच. तेव्हा जेवणात आधी डाळ, अंडं, पनीर, मासा असलं प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भात-भाकरी. व्हिटॅमिनच्या गोळ्या डॉक्टर सांगतील त्या चालू ठेवायच्या, मोठी गोळी असेल तर चुरून किंवा पातळ औषध मिळतं का ते विचारायचं. दुखण्याची गोळी मनानं घ्यायची नाही. बँड आहे हे प्रत्येक डॉक्टरला सांगायचं, दातांच्या सुद्धा.

आणि हे महत्त्वाचं, परत ऐका. वारंवार उलट्या होणं हे "बँडवाल्यांना होतंच" असं म्हणून सोडून द्यायचं नाही. सारखी उलटी झाली तर बँड जागेवरून सरकू शकतो, अंगातलं बी-वन जीवनसत्त्व कमी होतं. लाळसुद्धा गिळता येत नसेल, पाणी राहत नसेल, पोटात जोरात दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. ते सुईनं पाणी काढून वाट मोकळी करतात. रात्री आडवं झाल्यावर खोकला येतो, आंबट वर येतं, तरी दाखवायचं, बँड जास्त आवळला असू शकतो. आणि छातीतलं दुखणं दर वेळी पावाचंच असेल असं धरून चालू नका, विशेषतः पन्नाशीनंतर.

त्या वहिनींच्या घरच्यांना एवढंच, त्यांच्या ताटाकडे बघू नका. "एवढंच?" हा शब्द महिनाभर बंद ठेवा. आग्रह करायचाच असेल तर बसण्याचा करा, आणि जरा गप्पा मारा, कारण बाकी सगळ्यांचं ताट उचलून झालं की एकट्यानं चावत बसायला फार ओशाळवाणं होतं. म्हणून मला लग्नात बुफे आवडायचाच नाही, उभ्यानं, धक्के खात, हातात ताट, सगळे घाईत. पंगत बरी. हो, पंगतीत आग्रह असतो, पण पंगतीत शेवटचा माणूस हात धुवेपर्यंत कुणी उठत नाही, निदान आमच्याकडे तरी नाही.

शेवटचं, तिसऱ्यांदा. घास लहान, चावणं भरपूर, जेवताना पाणी नाही.

येत्या मंगळवारी मी तपासणीला पुण्याला जातेय. एसटीनंच. गाडी शिरवळला थांबली तर उतरणार आहे, वडा घेणार आहे, पाव परत देणार आहे. वडेवाला म्हणेल, पावाचे पैसे कमी होणार नाहीत हं ताई. नकोत कमी. चला, चहा निवला माझा. नमस्कार.