दारापाशी उभा राहणारा मुलगा

नमस्कार श्रोतेहो.

शिकागोजवळच्या एका उपनगरात, सरकारी शाळेच्या बालवर्गात मी काही वर्षं मदतनीस होते. इथे त्या नोकरीला ‘एड’ म्हणतात. मुलांच्या कोटांच्या चेनी लावायच्या, डब्यांची घट्ट झाकणं उघडून द्यायची, बाई एका गटाला शिकवत असतील तेव्हा बाकीच्यांना घेऊन बसायचं. एका ऑक्टोबरात नाशिकहून नुकताच आलेला पाच वर्षांचा मुलगा वर्गात दाखल झाला. तो मधेच उठायचा आणि दारापाशी जाऊन गप्प उभा राहायचा. वर्गाच्या बाई अनुभवी, मायाळू. त्या त्याला हाताला धरून परत जागेवर आणायच्या. तो पुन्हा दारापाशी. तीन दिवसांनी बाईंनी नोंद केली की मुलगा सूचना पाळत नाही.

त्या आठवड्यात मी दुसऱ्या वर्गावर होते. चौथ्या दिवशी परतले, त्याच्याशेजारी खाली बसले आणि विचारलं, “शू लागलीय का रे बाळा?” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हुंदके देत माझ्या गळ्यातच पडला.

बाईंना मराठी येत नव्हतं यात त्यांचा काय दोष? पण त्या दिवसापासून मी आमच्या शाळेकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. स्पॅनिश, पोलिश, उर्दू, मराठी बोलणारी माणसं शाळेत भरपूर होती. फक्त ती जेवणघरात होती, बस चालवत होती, रात्री फरशी पुसत होती किंवा माझ्यासारखी मदतनीस होती. फळ्यासमोर मात्र त्यांच्यातलं कुणी नव्हतं.

ही गोष्ट एका शाळेची नाही. २०२०-२१ च्या सरकारी आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधले १०० पैकी ८० शिक्षक गोरे आहेत. तिथे शिकणाऱ्या मुलांमध्ये मात्र गोऱ्या मुलांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे. आणि हे आपोआप झालेलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. १९५४ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तो ऐतिहासिक निकाल ज्या खटल्यातून आला तो कॅन्सस राज्यातल्या टोपीका शहरातला होता; तिथल्या शिक्षण अधीक्षकांनी निकालाच्या आधीच, मार्च १९५३ मध्ये, एका काळ्या शिक्षिकेला पत्र पाठवलं होतं. शाळा एकत्र झाल्या तर गोऱ्या मुलांना शिकवायला काळे शिक्षक बहुतेकांना नको असतील, म्हणून तुमची नेमणूक पुढे चालू राहील असं सांगता येत नाही, असा त्याचा आशय होता. मुलं एकत्र आली आणि शिक्षक घरी गेले. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत दक्षिणेकडच्या आणि त्यांना लागून असलेल्या अशा १७ राज्यांत ३८,००० हून अधिक काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असं सांगितलं जातं. पदवीधर, वर्षानुवर्षं शिकवलेली माणसं होती ती. त्यांची मुलं मग शिक्षक कशाला होतील?

त्यामुळे आज वेगवेगळ्या समाजांतून शिक्षक घडवण्यासाठी अनुदानं दिली जातात, प्रायोगिक योजना निघतात, तेव्हा ती खिरापत आहे असं मला कुणी सांगितलं तर मी ऐकून घेत नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या मुलांच्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष मला पाठ आहे. तिसरी ते पाचवीच्या काळात निदान एक काळा शिक्षक लाभला, तर गरीब घरातल्या काळ्या मुलग्यांचं शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटतं. एक शिक्षक, एक वर्ष. साऊथ कॅरोलिनात तर राज्यातल्या सुमारे २०,००० प्राथमिक शिक्षकांत काळे पुरुष दोनशेसुद्धा नव्हते. हे पाहूनच २००० साली क्लेमसन विद्यापीठानं काळ्यांच्या जुन्या महाविद्यालयांना सोबत घेऊन असे शिक्षक घडवणारी योजना सुरू केली. ती पुढे इतर राज्यांतही गेली.

पण मला सांगायचंय ते आमच्या इलिनॉय राज्याबद्दल. शिकागोच्या लोगन स्क्वेअर भागात १९९५ पासून आया रोज दोन तास वर्गात येऊन मुलांसोबत बसायच्या, त्याचं थोडं मानधन मिळायचं. बहुतेक जणी लॅटिन अमेरिकेतून आलेल्या. हळूहळू त्या म्हणू लागल्या, आम्हालाच शिक्षिका व्हायचंय. मग २००० साली शिकागो स्टेट विद्यापीठाच्या मदतीनं आणि केंद्राच्या अनुदानातून त्यांच्यासाठी वर्ग सुरू झाले, तेही त्यांच्याच वस्तीत, संध्याकाळी, मुलं सांभाळायची सोय करून. हे यशस्वी झालं म्हणून २००४ मध्ये राज्यानं कायदाच केला. नाव ‘ग्रो युअर ओन’, म्हणजे आपले शिक्षक आपल्याच मातीत रुजवा. शिक्षणासाठी कर्ज घ्या, गरजेच्या शाळेत पाच वर्षं शिकवा, कर्ज माफ.

माझी एक सहकारी अशाच वाटेनं गेली. मेक्सिकोची, तीन मुलांची आई. दुपारी मुलं झोपली की तिच्या मांडीवर पाठ टाचणाची वही असायची. फी कशी भरायची याची तिला फारशी चिंता नव्हती. तिला अडवलं ते शेवटच्या सहामाहीनं. शिक्षक व्हायचं तर साधारण सोळा आठवडे पूर्ण वेळ सराव पाठ घ्यावे लागतात, आणि त्याचे पैसे बहुधा मिळत नाहीत. म्हणजे मदतनिसाची नोकरी सोडायची, पगार सोडायचा, विमा सोडायचा. सात वर्षं शिकून आलेली बाई या सोळा आठवड्यांपाशी थांबली. एक पूर्ण वर्ष थांबली. वर्गातल्या खिडकीपाशी उभी राहून ती मला म्हणाली होती, “मी भाडं देऊ की शिक्षिका होऊ?”

म्हणूनच अनुदानाची बातमी आली की मी पहिल्यांदा एवढंच बघते : या सोळा आठवड्यांचा पगार त्यात आहे का? टेनेसीत त्याची वाट काढली गेली. २०२२ च्या जानेवारीत तिथल्या क्लार्क्सव्हिल भागातल्या शाळांची आणि ऑस्टिन पी विद्यापीठाची योजना केंद्राच्या श्रम खात्यानं नोंदवून घेतली. सुतार, वीजतंत्री जसे पगार घेत काम शिकतात, तसेच आता शिक्षकही. माझ्या मते हीच खरी दिशा आहे.

वाईट याचं वाटतं की या योजना उभ्या राहायला जेवढी वर्षं लागतात तेवढे महिनेही मोडायला लागत नाहीत. अल्पसंख्याकांच्या महाविद्यालयांतून शिक्षक घडवण्यासाठी काळे खासदार ऑगस्टस हॉकिन्स यांच्या नावाची केंद्रं २००८ च्या कायद्यात लिहिली गेली. त्यांना पहिले पैसे, ८० लाख डॉलर, २०२२ मध्ये मिळाले. चौदा वर्षं नुसता कागद. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यानं शिक्षक प्रशिक्षणाची ६० कोटी डॉलरहून अधिक अनुदानं एका फटक्यात रद्द केली. काही राज्यं कोर्टात गेली. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती रोखून ठेवायला खात्याला मुभा दिली. ज्या छात्राध्यापिकेचे आठ आठवडे झाले होते आणि आठ उरले होते, तिनं काय करायचं?

माझ्या सहकारीनं पुढच्या वर्षी ते सोळा आठवडे पूर्ण केले. तिच्या बहिणीनं भाडं दिलं. आता ती दुसरीला शिकवते.

आणि तुमच्यापैकी ज्या मैत्रिणी बी.एड. करून इकडे आल्या आहेत, ज्यांचं प्रमाणपत्र अजून सूटकेसच्या तळाशी आहे, त्यांना एकच सांगते. गुणपत्रिका सीलबंद पाकिटात मागवायला आजच विद्यापीठाला लिहा. तिकडून यायला महिने लागतात. मुलाच्या शाळेत जाऊन मदतनिसाच्या जागेची चौकशी करा. दारापाशी कुणी गप्प उभं आहे का, तेही बघून या.

नमस्कार.