तिसरा चहा

श्रोतेहो, नमस्कार.

प्रेमावर हायकू, म्हणजे तीन ओळींची चिमुकली जपानी धाटणीची कविता, लिहायचा असेल, तर ‘प्रेम’ हा शब्द त्यात येऊ द्यायचा नाही. ही अट माझी आहे, पण तिला जपानी परंपरेचाही थोडा आधार आहे. विरहाच्या उसाशांसाठी तिथे तांका होता, पाच ओळींचा, ३१ ध्वनींचा. जपानी कवी बाशोनं सतराव्या शतकात १७ ध्वनींच्या ज्या कवितेला, म्हणजे आजच्या हायकूला, उंची दिली, तिच्यात ऋतू आला, बेडूक आला, वाटचाल आली, प्रेमिक क्वचितच. पुढे कवी इस्सानं तर माश्या-पिसवांनाही जागा दिली. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी.

ऋतू सांगणारा एखादा शब्द हवा, ही हायकूची जुनी रीत. त्यासाठी चेरीचा बहर कशाला उसना आणायचा? मिरग, लावणी, बोंडू, सुरंगी... नुसतं म्हटलं तरी आपल्या किनारपट्टीवर कुणालाही दिवस कुठले ते कळतं.

आता लिहून बघू. नवरा मुंबईला, बायको गावी. पहिल्या झटक्यात कागदावर असं काहीतरी उतरतं:

तुझी आठवण येते
डोळे भरून येतात
बाहेर पाऊस

सगळं सांगून झालं, ऐकणाऱ्याला काही कामच उरलं नाही. पाऊसही बिचारा डोळ्यांच्या जोडीला बसवलेला. मग डोळे सोडून स्वयंपाकघरात जायचं:

बांगड्याचं तिखलं...
दोन ताटं घेतली,
एक परत ठेवलं

पहिल्या ओळीनंतर किंचित थांबायचं. जपानी कवी या थांब्यासाठी खास शब्द वापरतात. आपलं टिंबांवर भागतं. आणि ‘परत ठेवलं’नंतर ‘उदास मनानं’ वगैरे जोडायचा मोह होतो. तो आवरायचा.

किंवा वेंगुर्ल्याकडचा सुरंगीचा वळेसर, म्हणजे केसांत माळायचा फुलांचा सर, घ्या:

वळेसर सुकला
उशीला अजून
वास

अक्षरं मोजायची का, असं हमखास विचारतात. मोजावीत, हात बसेपर्यंत. पण तीन ओळींत पाच-सात-पाच अक्षरं जुळवायला ‘खरोखर’, ‘अगदी’ असले शब्द कोंबायचे असतील, तर अक्षरं कमी पडलेली बरी.

आणि प्रेम म्हणजे विरहच, असं कुणी सांगितलं? १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, दर्यावर्दी माणूस घरात. तिथलाही एक ऐका:

होडी किनाऱ्यावर...
चुलीपाशी नवरा
मागतो तिसरा चहा

हा प्रेमाचा म्हणायचा की कुरकुरीचा, ते चहा करणारीनंच ठरवावं.